खाल्लं कुणाचं मीठ?

प्रश्न : मी एक मराठी फँटसी कादंबरी लिहिते आहे. सातकडा नावाच्या काल्पनिक डोंगररांगेतल्या एका जमातीचा वेळू हा तरुण तिरंदाज सपाटीवरच्या राजाच्या बाजूनं लढतो. शत्रू समुद्रापलीकडून आलेला, काळी विद्या जाणणारा. अठराव्या प्रकरणात राजा हुकूम सोडतो : शेजारच्या जमातीनं शत्रूला आसरा दिला, त्यांचा पाडा जाळा. वेळू नकार देतो आणि राजाला सोडून निघून जातो. खर्डा वाचलेल्या चौघांचं म्हणणं एकच, की सतरा प्रकरणं हा पाळलेल्या जनावरासारखा इमानी आणि अठराव्यात एकदम बंडखोर, हे पटत नाही. शिवाय आदिवासी वाचकांना अपमान वाटेल असं काही आपल्या हातून लिहिलं जातंय का, ही धाकधूक आहेच. काय बदलू?
— एक नवी लेखिका, नाशिक

उत्तर : तुमच्या चौघा वाचकांना दुखणं बरोबर जाणवलंय, पण ते अठराव्या प्रकरणात नाही, तिसऱ्यात आहे. पत्रासोबतच्या टिपणात तिसऱ्या प्रकरणाचा सारांश एका ओळीचा आहे : ‘वेळू राजापुढे गुडघे टेकून इमानाची शपथ घेतो.’ का घेतो, ते टिपणात नाही. बहुधा खर्ड्यातही नसावं. डोळ्यांचा रंग जसा जन्मतः मिळतो तसं त्याचं इमान तुम्ही धरून चालला आहात. कुणाशी, कशाच्या बदल्यात, कुणाच्या मध्यस्थीनं आणि कुठवर, एवढं ठरलेलं नसेल तर ते इमान मोडायचं म्हटलं तरी मोडता येत नाही. मग लेखकाला पात्राचा स्वभावच बदलावा लागतो आणि वाचक तिथे पुस्तक मिटतो.

सुरुवात मिठापासून करा. ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यातलं मीठ दिसेनासं झालंय. डोंगरातल्या जमातीला जंगल जवळजवळ सगळं पुरवतं. नाचणी-वरई उतारावर पिकते, मोह आहे, कंद आहेत, शिकार आहे, मध आहे, घराला बांबू आहे. पुरवत नाही ते मीठ. सह्याद्रीत ते कोकणातल्या मिठागरांवरून बैलांच्या पाठीवर घाट चढून यायचं आणि लमाणांचे तांडे ते पुढे देशावर नेत. तेव्हा घाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात मीठ.

हिशेब मांडून बघा. माणसाला दिवसाला साधारण पाच ग्रॅम मीठ लागतं. दोनशे माणसांच्या पाड्याला रोज एक किलो, वर्षाला 365 किलो. एक बैल शंभरेक किलो वाहतो, म्हणजे चार बैलांच्या पाठी. गुरांना चाटायला आणि मासळी-मांस खारवायला हवं असेल तर आठ धरा. राजानं दरवर्षी हे आठ बैल घाटावर सोडायचे आणि जमातीनं घाट राखायचा, असा करार पहिल्या प्रकरणात दाखवा. कुणाचंही भाषण न घालता वेळूचं इमान उभं राहतं. शत्रूनं बंदर घेतलं की पहिल्यांदा कमी होतं मीठ. राजधानीत कुणाला पत्ता लागायच्या आधी डोंगरातल्या बाईला तो लागतो, कारण गाडग्याचा तळ तिला दिसतो. तुमचं युद्ध राजवाड्यातल्या सल्लामसलतीनं सुरू होतं. त्याऐवजी त्या गाडग्यापासून सुरू केलंत तर पहिली वीस पानं आपोआप गळतील.

आता मध्यस्थ. तुमचा वेळू थेट राजाशी बांधलेला आहे, आणि सर्वांत जास्त खटकतं ते हेच. पाड्यावरचा तरुण राजाचा नसतो, तो आपल्या नाईकाचा असतो. राजाशी नातं असतं नाईकाचं, आणि तेही हक्काचं. अमुक घाटाची राखण, त्याबद्दल वाटसरूंकडून अमुक घेणं, अमुक गावांकडून धान्य. खानदेशातल्या भिल्ल नाईकांचे असे हक्क होते. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, मुलूख कंपनी सरकारकडे गेला, आणि या देण्याघेण्याचं काय करायचं हे नव्या कारभाराला उमगेना. देणं थांबलं की नाईक ते जाऊन वसूल करायचे. सरकारी कागदात त्याची नोंद दरोडा म्हणून व्हायची. सात वर्षं पलटणी डोंगरात शिरल्या आणि तापानं खंगून परतल्या. शेवटी 1825 मध्ये धोरण बदललं : माफी, कसायला जमीन, पगार, आणि इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमच्या हाताखाली धरणगावला उभी राहिलेली भिल्ल पलटण. जे काम बंदुकीनं झालं नव्हतं ते बऱ्याच अंशी बांधून दिलेल्या पगारानं झालं. बऱ्याच अंशी म्हणायचं कारण असं, की सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक सरकारी नोकरीतला माणूस होता. त्याला शिक्षा झाली, पुढे सुटला, पुन्हा नेमला गेला आणि 1857 मध्ये उठला. पुरंदरच्या राखणीचे रामोशांचे हक्क गेले, त्यातून उमाजी नाईक उभे राहिले. 3 फेब्रुवारी 1832 ला त्यांना पुण्यात फाशी झाली. या माणसांना ‘आधी इमानी, मग बंडखोर’ म्हणणं सोपं आहे. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर ते एकाच जागी उभे होते; करार मोडला तो समोरच्यानं.

हेच सूत्र तुमच्या गोष्टीला लावा. वेळूनं अठराव्या प्रकरणात बदलायचंच नाही. राजानं बदलायचं, तेही टप्प्याटप्प्यानं. पाचव्या प्रकरणात आठाऐवजी सहा बैल येतात. युद्ध आहे, चालायचंच, म्हणून नाईक गप्प बसतो. नवव्यात घाटावर राजाची स्वतःची चौकी बसते आणि चौकीदार वेळूच्या बहिणीकडे मोहाच्या पाटीवर जकात मागतो. बाराव्यात नाईक लढाईत पडतो आणि राजा त्याच्या जागी आपल्या मर्जीतला माणूस नेमतो. वेळूनं दर वेळी गिळायचं, पण वाचकानं मोजत राहायचं. अठराव्यातला नकार मग शेवटचा आकडा होतो.

मात्र राजाला केवळ लबाड करू नका. मेवाडच्या राजचिन्हावर एका बाजूला राजपूत आणि दुसऱ्या बाजूला भिल्ल उभा आहे. नव्या राण्याच्या कपाळी भिल्लानं आपल्या अंगठ्याच्या रक्ताचा टिळा लावायचा, अशी परंपरा तिथे सांगितली जाते. राज्याभिषेक ज्याच्या रक्ताशिवाय पुरा होत नाही, तो नुसता चाकर कसा असेल? तुमच्या कादंबरीत असं काहीतरी हवंच : जे फक्त डोंगराकडून मिळतं आणि ज्याविना गादी अपुरी राहते. टिळाच घ्यायचा असं नाही, तो मेवाडचा आहे. तुमचं काही शोधा. जून 1576 च्या हळदीघाटीच्या लढाईत राणा पुंजाच्या भिल्ल तिरंदाजांचं नाव निघतं, पण त्यांचं मोठं काम त्यानंतरच्या वर्षांतलं. राणा प्रताप अरवलीत टिकले ते या लोकांनी दाखवलेल्या वाटांवर, त्यांनी पुरवलेल्या धान्यावर आणि त्यांनी लपवलेल्या कुटुंबांवर. तुमचा वेळू सतरा प्रकरणांत पाच मैदानी लढाया लढतो. तीन काढून टाका. त्याजागी एक रात्र द्या, ज्यात तो राणीला आणि दोन पोरांना पावसात कडा उतरवून नेतो.

पावसावरून शस्त्रांचं थोडक्यात. सपाटीवरच्या घोडेस्वाराचं धनुष्य शिंग, स्नायू आणि सरसानं जोडलेलं असतं. दमट हवेत ते ढिलं पडतं. भिल्लांचा तीरकमठा बांबूचा, पुष्कळदा दोरीही बांबूच्याच चिपेची. म्हणजे राजाला डोंगरातल्या तिरंदाजांची खरी गरज पावसाळ्यात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या शेतात लावणी. हा पेच फुकटात मिळतोय, सोडू नका. बाण मोजून वापरा. इंग्लंडच्या मध्ययुगीन तिरंदाजाची जुडी 24 बाणांची असे. मिनिटाला सहा सोडले तर चार मिनिटांत भाता रिकामा. तुमच्या सातव्या प्रकरणात वेळू सकाळपासून सूर्यास्तापर्यंत बाणांचा वर्षाव करतो. त्याला पोत्यानं बाण पुरवणारा कोण, ते एकतर सांगा, नाहीतर त्याला कडे-कपारीत बसवून दिवसभरात दहा नेमके बाण सोडू द्या. दुसरं जास्त भीतिदायक आहे.

माणसंही मोजा. तीनशे वस्तीच्या पाड्यात लढू शकणारे पुरुष साधारण पाऊणशे. त्यातले सगळे युद्धावर गेले तर शेत, गुरं, म्हातारे उघड्यावर पडतात, म्हणून जातील पंचवीस. तुमच्या खर्ड्यात या पाड्यातून दोनशे जण निघतात आणि दीडशे मरतात. तेवढी माणसं पाड्यात आहेतच कुठे? पंचविसातले बारा पडले तरी पुढची दहा वर्षं लग्नं जुळायची पंचाईत. त्या बारांना नावं द्या. प्रत्येक माणूस दिवसाला पाऊण किलोच्या आसपास धान्य खातो. दहा दिवसांची शिदोरी पाठीवर साडेसात किलो. म्हणजे अकराव्या दिवशी पंचवीसजण एकतर राजाच्या कोठारातून खातील, नाहीतर घरी निघतील. त्यांनी राजाचं धान्य पहिल्यांदा खाल्लं तो दिवस दाखवायला विसरू नका. तेव्हा नवं मीठ पोटात जातं.

शपथेकडे येऊ. कुणापुढे घेतली, कशावर घेतली, आणि सोडवायची कशी, या तिन्ही गोष्टी ठरवा. आपल्याकडे बेलभंडारा उचलतात. मध्य भारतात वाघाच्या कातड्यावर बसून घेतलेली शपथ सर्वांत जड मानत, कारण ती मोडणाऱ्याला वाघ खातो आणि जंगलात राहणाऱ्याला ती नुसती उपमा वाटत नाही. सोडवणुकीचं सर्वांत बोलकं उदाहरण मात्र स्कॉटलंडच्या डोंगरातलं आहे. 1691 मध्ये राजा विल्यमनं हायलँडच्या टोळीप्रमुखांना फर्मावलं, की 1 जानेवारी 1692 च्या आत माझ्याशी इमानाची शपथ घ्या. पण हे प्रमुख आधीच्या, परागंदा झालेल्या राजा जेम्सला शब्द देऊन बसले होते. त्यानं मोकळं केल्याशिवाय दुसऱ्याला शब्द देणं त्यांना हीन वाटलं. परवानगी मागायला माणूस फ्रान्सला गेला आणि ती डिसेंबर सरता सरता पोचली. ग्लेन्कोचा म्हातारा प्रमुख मॅकियन वर्षाच्या अगदी शेवटी फोर्ट विल्यमला गेला. तिथला अधिकारी म्हणाला, शपथ घेववण्याचा अधिकार मला नाही, इनव्हररीला जा. बर्फातून जाऊन 6 जानेवारीला शपथ झाली. पाच-सहा दिवसांचा उशीर. फेब्रुवारीत राजाचे सैनिक पाहुणे म्हणून त्याच्या लोकांच्या घरांत उतरले, बारा दिवस त्यांचं खाल्लं-प्यालं, आणि 13 फेब्रुवारीच्या पहाटे त्यांनाच कापून काढलं. सुमारे 38 माणसं मेली. स्कॉटलंडच्या कायद्यात ‘विश्वासात घेऊन केलेला खून’ हा साध्या खुनाहून वेगळा, भारी गुन्हा होता. त्या डोंगरात आजही संताप निघतो तो आकड्यापेक्षा पाहुणचाराचा.

तुम्हाला यातून दोन वस्तू उचलता येतील. एक, जुना शब्द रीतसर सुटल्याशिवाय नवा देता येत नाही. वेळूच्या नाईकानं आधीच्या राजवंशाला शब्द दिलेला असू द्या, आणि सोडवणूक उशिरा पोचू द्या. दोन, पाडा. राजा जो पाडा जाळायला सांगतो त्यात वेळूनं कधीतरी भाकर खाल्लेली असली पाहिजे. आत्ता तो पाडा वाचकाला अनोळखी आहे, वेळूलाही. सहाव्या प्रकरणात तो जखमी होऊन तिथे तीन रात्री राहिला, एवढं घातलंत की अठराव्यात तत्त्व सांगायची गरज उरत नाही. शत्रूला आसरा दिल्याचा आरोप ज्या घरावर आहे, त्याच घरानं त्यालाही आसरा दिलाय.

फँटसी आहे म्हणून एक सावधगिरी. तुमच्या टिपणात शपथ मोडली की रक्तातली जादू माणसाला जाळते. मग वेळू इमानी कशाला, तो कैदी झाला. एकतर जादू काढा किंवा तिला शब्दांत अडकवा : शपथ ‘घाट राखीन’ अशी आहे, ‘राजा सांगेल ते करीन’ अशी नाही. जादूला शब्द कळतात, हेतू कळत नाही. दरबाराचा समज वेगळा आणि डोंगराचा वेगळा, हे अठराव्यात उघड होऊ द्या : वेळू हुकूम मोडतो आणि जळत नाही. अख्खा दरबार त्याच्या अंगाकडे बघत उभा आहे. तुमच्या कादंबरीतला सर्वांत चांगला प्रसंग तो होऊ शकतो.

मानाबद्दल. दरबारी माणसाचा मान पदवीत असतो. टोळीतल्या माणसाचा मान चारचौघांत दिसणाऱ्या बारीक गोष्टींत असतो. लढाईत कुणी कुठे उभं राहायचं, ही त्यातली मोठी. त्याच स्कॉटलंडमध्ये, परागंदा राजवंशाला गादी परत मिळवून देण्याच्या युद्धात, 16 एप्रिल 1746 ला कलोडनच्या माळावर हायलँडच्या मॅकडोनल्ड टोळ्यांना डाव्या बाजूला उभं केलं. उजवी बाजू आपली, पिढ्यान्‌पिढ्यांची, असं त्यांचं म्हणणं. डाव्या बाजूचा हल्ला रेंगाळला. त्यांना जास्त अंतर कापायचं होतं, जमीन पाणथळ होती, हेही खरं. पण नंतर सगळ्यांच्या तोंडी राहिली ती उजवी बाजू. त्याच युद्धात, जानेवारीत फॉलकर्कची लढाई जिंकल्यावर कितीतरी हायलँडर लूट घेऊन घरी निघून गेले. शहरी सरदारांनी त्याला पळ काढणं म्हटलं. त्यांच्या लेखी लढाई जिंकली, घरच्यांना खायला नेऊन दिलं, बोलावलं की परत येऊ. हा गैरसमज तुमच्या दहाव्या प्रकरणात चपखल बसेल : विजयानंतरच्या सकाळी अर्धे तिरंदाज गायब, सेनापती संतापलेला, आणि वेळूला त्यात रागवण्यासारखं काय आहे तेच कळत नाही.

आता तो नकार. आत्ता वेळू दीड पानाचं भाषण करून निघून जातो. 1881 च्या ऑगस्टमध्ये अॅरिझोनात सिबिक्यू ओढ्याजवळ अमेरिकी लष्कराच्या पगारी, अपाची या मूळ रहिवासी जमातीच्या वाटाड्यांना त्यांच्याच लोकांच्या एका वैदूला पकडायला नेलं. चकमक उडाली आणि त्यातल्या बऱ्याच वाटाड्यांनी बंदुका लष्कराकडे वळवल्या. तिघांना 3 मार्च 1882 ला फोर्ट ग्रँटला फाशी दिली. दुसरे वाटाडे मात्र लष्कराबरोबर राहिले, लष्कराशी लढणाऱ्या जेरोनिमो या अपाची म्होरक्याचा माग काढत राहिले. सप्टेंबर 1886 मध्ये तो शरण आल्यावर लष्करानं त्याच्या चिरिकावा शाखेच्या अपाचींना फ्लोरिडाला कैदेत धाडलं, तेव्हा चाट्टोसारखे सरकारी सेवेतले वाटाडेही त्यातून सुटले नाहीत. वेळूबरोबरच्या पंचविसांत या दोन्ही वाटा दिसू द्या. कुणी थांबतो, आणि त्याच्याकडेही कारण असतं. त्याला गद्दार ठरवायची घाई करू नका.

खुद्द वेळूसाठी भाषणापेक्षा वाट वापरा. पाड्याकडे फौज नेणारा वाटाड्या तोच आहे. तो ‘नाही’ म्हणत नाही. दोन तासांची वाट सहा तासांची करतो, ओढ्यात दोनदा उतरवतो, आणि फौज पोचते तेव्हा चुली कोमट असतात, माणसं नसतात. सरदाराला कळतं, सिद्ध करता येत नाही. मग तो भर दरबारात, राजापुढे विचारतो, तेव्हा वेळू खरं सांगतो. शपथ ‘घाट राखीन’ची होती हे तिथे निघू द्या. पळून जाण्यापेक्षा तिथे उभं राहणं त्याच्या मानाला धरून आहे, आणि त्याच्या न जळण्याला साक्षीदारही मिळतात.

अपमानाची धाकधूक योग्य आहे, पण उपाय फार नाहीत. खऱ्या जमातीचं नाव घेऊन तिला मनानं रचलेले देव आणि नरबळी चिकटवू नका. नाव काल्पनिक ठेवलंत तर सगळंच काल्पनिक ठेवा. भगताला संकट आलं की दृष्टान्त देणारं यंत्र करू नका. तो जखमा बांधतो, भांडणं मिटवतो, कधी चुकतो. वेळूच्या तोंडी ‘आमी जंगलची माणसं, आमाला काय कळतंय’ छापाची मराठी अजिबात नको. आपल्या भाषेत तो दरबाऱ्यांइतकाच, किंबहुना जास्त चांगला बोलणारा असतो. त्याची अडचण फक्त दुभाष्यापाशी होते, म्हणून दरबारात त्याची वाक्यं आखूड आणि पाड्यावर लांब, एवढा फरक पुरे. आणि त्याच्या जमातीत सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात असं ठरवा. राजालाही तो ‘तू’ म्हणेल. दरबार दचकेल, दुभाष्या घाबरून प्रत्येक ‘तू’चं ‘महाराज, आपण’ करत बसेल. आपण विठोबालाही तूच म्हणतो, तेव्हा मराठी वाचकाला त्या ‘तू’तली जवळीक समजावून सांगावी लागणार नाही. अठराव्या प्रकरणात वेळू पहिल्यांदा राजाला ‘तुम्ही’ म्हणेल, तेवढ्यावर प्रकरण संपवा.